वजन उतरवलं की डोळ्याच्या नसेची सूज उतरते?

‘नसेला सूज आलीय? मग आधी वजन उतरव.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात दोन वेगळ्या आजारांची खिचडी झालीय.

एकात डोक्यातल्या द्रवाचा दाब वाढतो. हा बहुतेकदा वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांना होतो. डोकं दुखतं, वाकून उठलं की क्षणभर अंधारी येते, सहसा दोन्ही नसा फुगतात. इथे वजन कमी करणं हा उपचाराचाच भाग.

दुसरा ऑप्टिक न्यूरायटिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती नसेवरच्या मायलिनच्या आवरणावर उठते. बहुधा एकच डोळा धरतो. डोळा फिरवला की दुखतं, काही दिवसांत नजर मंदावते, लाल रंग विटका दिसतो. एकेक डोळा झाकून कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं तरी फरक कळतो. हा सडपातळ माणसालाही होतो, आणि डाएट करत बसायला इथे सवड नसते. शिरेतून स्टेरॉइड दिलं तर नजर लवकर परतते, हे अमेरिकेतल्या चाचणीने १९९२ मध्ये दाखवलं. नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या गोळ्यांनी मात्र आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं!

म्हणजे वजनाचा संबंधच नाही? आहे, पण आडवळणाने. चरबी लेप्टिनसारखी दाहाला खतपाणी घालणारी रसायनं सोडते. किशोरवयातल्या लठ्ठपणाने पुढे मल्टिपल स्क्लेरॉसिसचा, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवरच उठते त्या आजाराचा, धोका वाढतो, असं अनेक अभ्यासांत आढळलंय. ऑप्टिक न्यूरायटिस ही अनेकदा त्याची पहिली खूण असते. एवढ्यावरून रुग्णाला खाण्यापिण्याचे बोल लावणं चुकीचंच. दुखणाऱ्या डोळ्याने रंग फिके दिसू लागले, तर वजनकाट्याआधी नेत्रतज्ज्ञ गाठावा.