उपकंपनी चालवते कोण? सोलापूरच्या मागापासून आजपर्यंत

परदेशी उपकंपनीत मूळ देशाचे अधिकारी किती आणि इथले किती, याचा तिच्या उत्पादकतेवर परिणाम होतो. हा प्रश्न गिरण्यांइतकाच जुना आहे.

सोलापूरची जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली. ती परदेशी कंपनीची शाखा नव्हती. पण त्या काळी यंत्रे विलायतेची असत आणि ती चालवायची रीतही तिथलीच. इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या लँकेशायरची हवा दमट, तर सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर. विणकाम खात्यात सुती ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते. हवा कोरडी पडली की धाग्याला लावलेली खळ (पिठूळ लेप) कडक होते, धागा ठिसूळ होऊन फणीत तुटतो आणि प्रत्येक तुटीला माग थांबतो. खळ किती दाट ठेवायची, खात्यात पाणी कधी मारायचे, हे इथे उन्हाळे काढलेल्यालाच कळते. शिवाय मागावर तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. त्यांच्याशी तेलुगूत बोलणारा जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, नसेल तर मास्तरची सूचना मागापर्यंत पोचायचीच नाही.

मुंबईच्या गिरण्यांत वरच्या तांत्रिक जागांवर 1895 मध्ये सुमारे 42 टक्के युरोपीय होते. 1925 पर्यंत ते 28 टक्क्यांवर आले. युनिलिव्हर या परदेशी कंपनीची इथली उपकंपनी हिंदुस्थान लिव्हरने याच दिशेने ठरवून पावले टाकली आणि 1961 मध्ये प्रकाश टंडन तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

बाहेरून आलेला अधिकारी कंपनीची प्रक्रिया आणतो, म्हणून सुरुवातीची वर्षे त्याची खरी गरज असते. पुढे तीच प्रक्रिया इथल्या माणसांनी आत्मसात केली की त्याचा महागडा पगार तेवढे काम देत नाही. शिवाय तीन-चार वर्षांत तो परततो आणि त्याने पुरवठादार, कामगार, सरकारी कचेऱ्या यांची जी ओळख कमावलेली असते, ती त्याच्याबरोबर जाते. मात्र घाईही महागात पडते: मुख्यालयात प्रशिक्षण न घेतलेल्या स्थानिक व्यवस्थापकाला माल का नाकारला गेला हेच उमगत नाही. आमच्या मते परदेशी अधिकाऱ्याच्या जागी इथला माणूस नेमायचा तो पगाराकडे पाहून नव्हे, शिकवणी पूर्ण झाली का हे पाहून.

2018 मध्ये इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने जर्मनीतील एमएफटी आणि नेदरलँड्समधील इमॉस या कंपन्यांत मोठा हिस्सा घेतला. तेव्हा सोलापूर मुख्यालयाच्या जागी आले. तिकडे किती माणसे पाठवायची आणि कारभार कितपत तिथल्यांवर सोपवायचा, हे इथून ठरवायचे होते.