एमएम की एमसी? आधी सुईचं टोक बघा

नवा टर्नटेबल घरात रुळला की बहुतेकांना कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीची वीज करणारा भाग, बदलायची हुक्की येते, आणि लगेच एमएम की एमसी हा प्रश्न समोर येतो. सल्ला ठरलेला असतो: एमएम नवशिक्यांसाठी, एमसी जाणकारांसाठी. सल्ला देणाऱ्याच्या घरी लाखभराचा फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण आवाज अँपसाठी वाढवणारा डबा) असेल तर त्याच्यापुरतं ते खरंही असेल. पण वीस-पंचवीस हजारांत कार्ट्रिज आणि प्रीअँप दोन्ही बसवायचे असतील, तर हा सल्ला सरळ नुकसानीत नेतो.

दोन्हींचं काम एकच आहे. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते, ही थरथर एका बारीक दांडीवरून मागे जाते आणि तिथे तिची वीज होते. एमएम म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट. दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक बसवलेला असतो, तो हलतो, आणि तारेची वेटोळी कार्ट्रिजच्या अंगात जागच्या जागी राहतात. एमसी म्हणजे मूव्हिंग कॉइल. इथे चुंबक जागचा हलत नाही, वेटोळंच दांडीवर चढवलेलं असतं. आता वेटोळं हलवायचं तर ते हलकं हवं. हलकं हवं म्हणजे तारेचे वेढे थोडे, आणि वेढे थोडे म्हणजे व्होल्टेजही थोडं. एमसीचं सगळं बरंवाईट या एवढ्या गोष्टीतून निघतं.

आकडेच बघा. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम95ई ही बजेटमधली नेहमीची कार्ट्रिज सुमारे 4 मिलिव्होल्ट देते, ऑर्टोफॉनची 2एम रेड साडेपाच. याउलट डेनॉनची डीएल-103 ही नावाजलेली एमसी देते फक्त 0.3 मिलिव्होल्ट. अँपच्या ऑक्स (फोनो नसलेल्या, साध्या) इनपुटला साधारण पाव ते दोन व्होल्ट लागतात. म्हणजे एमएमचा आवाज शंभर पटीने वाढवला, तंत्राच्या भाषेत 40 डेसिबल, की काम भागतं. एमसीला हजार पट, म्हणजे 60 डेसिबल लागतात. प्रीअँप हजार पट वाढवतो तेव्हा तो फक्त किशोरीताईंचा सूर वाढवत नाही, स्वतःच्या पोटातली सूंऽऽ पण तेवढीच वाढवतो. पॉप-रॉकच्या तबकडीवर हे झाकून जातं. ख्यालाच्या एलपीवर, जिथे सुरुवातीला नुसता तानपुरा आहे आणि गायक अजून षड्जावर स्थिरावतोय, तिथे ती सूं स्पष्ट ऐकू येते. स्वस्त प्रीअँपच्या मागे ‘एमएम/एमसी’ असं बटण असतं म्हणून भुलू नका. बटण असणं आणि त्या बाजूला शांतता असणं या निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि शांततेचेच पैसे जास्त पडतात.

प्रीअँपचं दुसरं काम आवाज वाढवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. खर्जाचे सूर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी हेलकावे खाईल की एका बाजूवर जेमतेम काही मिनिटंच मावतील. म्हणून तबकडी कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर उचलतात. 20 हर्ट्झला सुमारे 20 डेसिबल कमी, 20 किलोहर्ट्झला जवळपास तितकेच जास्त. 1950च्या दशकाच्या मध्यापासून जगभर रुळलेला हा आरआयएए उतार प्रीअँप उलटा करून सरळ करतो. टर्नटेबलची वायर थेट ऑक्समध्ये खुपसली की आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो, तो यामुळेच. उलटी चूकही सर्रास होते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी120सारख्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे फोनो-लाइन असा खटका असतो. खटका लाइनवर आणि वायर अँपच्या फोनोमध्ये, असं झालं की आवाज दोनदा वाढतो, उतारही दोनदा सरळ होतो. मग घुमणारा, फाटका आवाज ऐकून माणूस बिचाऱ्या कार्ट्रिजला शिव्या घालतो.

एमएमची एक खोड आहे, ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. तिच्या वेटोळ्यात वेढे भरपूर, म्हणून इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला वेटोळ्याचा अडसर) जास्त. वायर आणि प्रीअँपची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) त्याला जोडली गेली की वरच्या सुरांत कुठेतरी एक उंचवटा येतो. व्हीएम95ईचा इंडक्टन्स 550 मिलिहेन्री आहे. एकूण कपॅसिटन्स 150 पिकोफॅरड असेल तर हा उंचवटा साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, तिथे आपल्यापैकी बरेच जण तसेही बहिरे. पण लांबलचक वायर आणि जास्त कपॅसिटन्सचा प्रीअँप मिळून 400 झाले, तर तोच उंचवटा खाली पावणेअकरापर्यंत घसरतो. मग झांजा टोचायला लागतात, ‘स’ आणि ‘श’ फिसफिसतात. ऑडिओ-टेक्निका 100 ते 200 पिकोफॅरड सांगते, ऑर्टोफॉन 2एमसाठी 150 ते 300. प्रीअँप घेताना त्याची इनपुट कपॅसिटन्स विचारा. 220 असेल आणि तुमची कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाची असेल, तर वायरचे धरून तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. 100 किंवा त्याहून कमी असलेला साधा एमएम प्रीअँप हा ‘एमएम/एमसी’ बटणवाल्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा. एमसीला ही कटकट जवळजवळ नाहीच, तिचा इंडक्टन्स नगण्य असतो. हा तिचा खराखुरा गुण, आणि कमी वजन हलवावं लागत असल्याने सूक्ष्म हालचाल पकडणं हा दुसरा. तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘एमसी जास्त तपशील देते’ असं जे म्हणतात, त्यातला मोठा वाटा एमसीचा नसतोच. तो असतो सुईच्या टोकाचा. महागड्या एमसींना बहुतेक वेळा बारीक घडणीचं टोक लावलेलं असतं, आणि श्रेय मात्र वेटोळ्याला जातं. डीएल-103 हे याचं उत्तम उदाहरण. 1960च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनलेली ही एमसी आजही विकली जाते, आणि तिचं टोक साधं गोल, शंकूसारखं आहे. आवाज भरदार, सुरेख. पण शेवटच्या खाचांमध्ये ती कुठल्याही गोल टोकासारखीच अडखळते. शिवाय ती ताठ आहे, तिला जड टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा हात) लागतो. हलक्या टोनआर्मवर ती नीट बसत नाही.

शेवटच्या खाचा म्हणजे काय, हे आपल्या संगीताइतकं कुणाला कळणार नाही. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे फिरते, मग सुई कडेला असो की मध्याजवळ. कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ आल्यावर जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो. पाश्चात्त्य पॉपच्या एलपीवर तिथे बहुधा एखादं मवाळ गाणं टाकतात. आपल्याकडे एक बाजू म्हणजे एक राग असेल तर बडा ख्याल कडेला, आणि द्रुत, तराणा, सगळ्या सपाट ताना नेमक्या लेबलाजवळ. गाणं जिथे सर्वांत वेगात, तिथेच जागा सर्वांत कमी. गोल टोक त्या बारीक वळणांत शिरतच नाही, वरून घसरत जातं. तान एकसंध ऐकू येण्याऐवजी फरपटते, सतारीच्या झाल्यावर चिकारीच्या तारा चुरगळतात. लोक म्हणतात रेकॉर्ड घासली. कधीकधी ती घासलेली असतेही, पण टोक बदलून ऐकल्याशिवाय हे ठरवू नका.

म्हणून खरी निवड टोकांची. गोल टोक सर्वांत स्वस्त, लंबगोल म्हणजे एलिप्टिकल मधलं, आणि शिबाटा किंवा मायक्रोलिनिअर ही खाच कापणाऱ्या हत्याराच्या आकाराशी जवळीक साधणारी. व्हीएम95 मालिकेची सोय अशी की अंग एकच, सुया वेगवेगळ्या, आणि सुई बोटांनी ओढून बदलता येते. आज लंबगोल घ्या, वर्षभराने तिच्याच अंगात मायक्रोलिनिअर बसवा. ती सुई एकटीच अख्ख्या व्हीएम95ईच्या दुपटीच्या आसपास पडते हे खरं. पण ऑडिओ-टेक्निकाच्याच अंदाजाने लंबगोल टोक 300 तास टिकतं, मायक्रोलिनिअर 1000. हिशेब करा, तासाला फार फरक उरत नाही, आणि द्रुत मोकळी होते ती वेगळीच. ऑर्टोफॉनमध्येही 2एम रेडच्या अंगात ब्लूची सुई चालते. एमसीत ही सोय नाही. टोक झिजलं की कार्ट्रिज दुरुस्तीला पाठवायची किंवा कंपनीला परत देऊन सवलतीत नवी घ्यायची. मोलकरणीच्या फडक्यात दांडी अडकली तरी हाच मार्ग, आणि परदेशी पार्सलावरचं सीमाशुल्क धरलं की पोटात गोळा येतो.

मध्यममार्ग म्हणून हाय-आउटपुट एमसी असते, जसं डेनॉनची डीएल-110. ती 1.6 मिलिव्होल्ट देते, एमएमच्या इनपुटवर चालते. एमसीचा स्वाद चाखायचाच असेल तर ही वाट बरी, पण सुई तिचीही बदलता येत नाही.

एटी-एलपी60वाल्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यावर कार्ट्रिज बदलत नाही, फक्त सुई बदलते. वेळेवर बदला, बास.

आता आजोबांच्या पेटीतल्या लाखेच्या तबकड्या. भारतात 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या, तबकड्या साठच्या दशकापर्यंत निघत होत्या, त्यामुळे नाट्यसंगीत ऐकणाऱ्या घरांत हा प्रश्न हटकून येतो. त्यांची खाच एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते, खरखर दुप्पट होते आणि सुईचं महागडं टोक त्या खडबडीत लाखेवर घासून जातं. इथे एमसीचा विचारही नको. व्हीएम95च्याच अंगात बसणारी 3 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गोल टोकाची एसपी सुई मिळते. ती लावताना सुईवरचं वजनही बदलायला विसरू नका. एलपीसाठी 2 ग्रॅम, हिला 5 ग्रॅम. आरआयएए उतार त्या तबकड्यांना तंतोतंत लागू होत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच तो रुळण्याआधीच्या आहेत. अँपवरचा ट्रेबल थोडा इकडेतिकडे करून कानाला बरं वाटेल तिथे थांबा. आणि पुन्हा एलपी लावण्याआधी सुई आणि वजन दोन्ही परत पहिल्यासारखं करा, नाहीतर 5 ग्रॅमखाली तुमची एलपी सोलून निघेल.