सशाच्या पायाची लिगामेंटची दुखापत

पाळलेल्या सशाच्या पायात, बहुतेक वेळा मागच्या पायाच्या गुडघ्यात किंवा घोट्यात, हाडाला हाड बांधून ठेवणारा जो चिवट पट्टा असतो तो ताणला गेला किंवा फाटला की त्याला लिगामेंटची दुखापत म्हणतात. मराठीत अस्थिबंध असा शब्द आहे पण दवाखान्यातही सगळे लिगामेंटच म्हणतात आणि घरात तर "पाय मुरगळलाय" एवढ्यावर भागतं. पाय हळूहळू का होईना बहुतेकदा वापरण्याजोगा होतो. खरी भीती असते ती पोटाची, दुखण्यामुळे ससा खायचा थांबतो आणि मग पाय राहतो बाजूला, म्हणून या नोंदीत पायाइतकंच पोटाबद्दल आहे.

सशाचा सांगाडा फार हलका, शरीराच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के (मांजराचा १२-१३ टक्के भरतो), आणि त्याला जोडलेले मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त, त्यामुळे लाथ मारली की झटका त्याच्याच सांध्याला आणि कमरेला बसतो. त्यात तळव्याला कुत्र्यामांजरासारखी गादी नाही, नुसते केस, आणि आपल्या घरात खाली गुळगुळीत टाइल्स. सोफ्यावरून उडी मारली, पाय फाकला, झालं. पिंजऱ्याच्या जाळीत बोट अडकणं, वाढलेलं नख गोधडीच्या धाग्यात गुंतणं, लहान मुलांनी उचलताना मागचे पाय लोंबकळत सोडणं ही बाकीची नेहमीची कारणं. दिवाळीत जवळ फटाका वाजला की ससा बिथरून पिंजऱ्याच्या भिंतीवर आदळतो, तेव्हा त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत ठेवलेलं बरं.

ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखतंय हे तो दाखवत नाही, ओरडत तर जवळजवळ नाहीच. पाय न टेकवता तीन पायांवर उड्या मारणं दिसतं तरी, पण बरेचदा एवढंच असतं की तो कोपऱ्यात पोट आवळून बसलाय, डोळे अर्धे मिटलेत, दात करकर वाजवतोय. (लाडात येऊन दात हलके वाजवतो ते वेगळं, दुखण्याची करकर कानाला लगेच वेगळी कळते.) सशाच्या चेहऱ्यावरून दुखणं किती आहे ते ओळखायची पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात डोळे, गाल, नाक, मिशा आणि कान एवढंच बघतात. अजून एक खूण कानाची. ससा मागच्या पायाने कान खाजवतो, तो पाय दुखरा असेल तर तो मान वाकडी करतो, पाय हवेतल्या हवेत दोनचार वेळा हलतो, कानापर्यंत पोचत नाही आणि तो तसाच थांबून राहतो. त्या बाजूचा कान मग मळतो, तो आपणच बघत राहायचा.

एक्सरेमध्ये लिगामेंट दिसत नाही तरी एक्सरे काढतात कारण आधी हाड मोडलंय का, सांधा निखळलाय का हे बघायचं असतं, बाकी निदान डॉक्टर सांधा हाताने हलवून करतात आणि ससा फार ताठरला तर भूल देऊनही करतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे भुलीच्या आधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं, कुत्र्याचा नियम इथे लागू नाही. म्हणूनच सशांची सवय असलेला डॉक्टर शोधावा. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेऊ नये, आणि बाम किंवा हळदीचा लेप लावू नये, तो सगळा चाटून पोटात जातो.

दुखण्यावर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, डोस डॉक्टरच ठरवणार कारण सशाच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडतं आणि कुत्र्याच्या हिशोबाने दिलं तर कमी पडतं. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक तोंडाने दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरून ससा जाऊ शकतो, हे माहीत नसलेल्याने लिहून दिलं तर स्पष्ट विचारावं.

मुख्य उपचार म्हणजे विश्रांती, साधारण ४ ते ८ आठवडे, पूर्ण फाटलं असेल तर ऑपरेशनचाही विचार होतो. पसरून झोपता येईल आणि वळता येईल पण धावता-उडी मारता येणार नाही एवढीच जागा. खाली योगा मॅट किंवा फोमची चटई, वर धागे न निघणारं सुती कापड, आणि शीच्या ट्रेची एक कड कापून खाली आणलेली. बँडेज सशाच्या पायावर टिकत नाही, घसरतं नाहीतर तो कुरतडून काढतो. जोडीचा ससा असेल तर त्याला शेजारी जाळीपलीकडे ठेवावं, एकटा पडलेला ससा खाणंही सोडतो. सगळ्यात कठीण तिसरा आठवडा, औषधाने बरं वाटायला लागतं आणि हा आतून जाळी हलवून घर डोक्यावर घेतो, माणसांना दया येते, सोडतात, आणि पाय परत पहिल्यापासून.

आता पोट. सशाचं आतडं सतत चालू असावं लागतं, १२ तास काही खाल्लं नाही की इमर्जन्सी समजायची. रोज सकाळी लेंड्या बघायच्या, आकार लहान झाला किंवा संख्या घटली तर दुपारची वाट बघू नये. सुकं गवत तोंडाजवळ, पाणी बाटलीऐवजी जड वाटीत, सोबत धुतलेली हरळी, कोथिंबीर, गाजराचा पाला. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. अजिबातच खात नसेल तर डॉक्टरांना विचारून भिजवलेल्या पेलेटची (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची) पातळ पेस्ट सिरिंजने द्यायची, पुढच्या दातांमागच्या फटीतून, बाजूने, थेंब थेंब. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, पाय दुखत असला की वाकता येत नाही, त्या तिथेच चिकटतात आणि पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडायला एक दिवस पुरतो. तेवढा भाग ओल्या कापसाने पुसून कोरडा करायचा, पूर्ण आंघोळ घालायची नाही.

चांगल्या पायाकडेही लक्ष हवं, सगळा भार त्यावर येतो, तळव्याचे केस झडून लाल चट्टा दिसला तर अंथरूण अजून जाड करायचं. सांधा वाकवायचे व्यायाम डॉक्टरांनी दाखवले तरच, ससा पाय ओढून घेतोय तिथे थांबायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली.

बरा झाल्यावरही त्या सांध्यात पुढे संधिवात येऊ शकतो. डिसेंबरच्या थंडीत असा ससा सकाळी उठून दोन मिनिटं आखडल्यासारखा चालतो, मग सुटतो. वजन वाढू द्यायचं नाही, नखं कापत राहायची, आणि ट्रेची कापलेली कड तशीच राहू द्यायची.