हॉकीचा पट्टा कुठे आवळायचा?

नडगीवर काही आदळलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पोटरीला मागून स्नायूंची जाड गादी आहे, पण पुढच्या बाजूला कातडीखाली थेट हाडच. आणि मैदानी हॉकीत चेंडू आणि स्टिक बराच वेळ याच उंचीवर फिरतात. म्हणून लहान खेळाडूला तयार करताना सुरुवात शिनगार्डपासून, म्हणजे नडगीवर बांधायच्या कवचापासून करावी.

हॉकीच्या चेंडूचं वजन 156 ते 163 ग्रॅम. तो ताशी 50 किलोमीटर वेगाने आला आणि उघड्या नडगीवर एक मिलिसेकंदात थांबला, असं धरू. सरासरी बल निघतं सुमारे 2200 न्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलो वजनाएवढं. तोच चेंडू थांबायला पाच मिलिसेकंद लागले, तर बल एक पंचमांश होतं. शिनगार्ड हा वेळ मिळवून देतं. बाहेरचं कडक कवच मार एका बिंदूवर न ठेवता पसरवतं. आतला फोम दबत जातो आणि चेंडूचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवतो. फोममधल्या हवेच्या बारीक कप्प्यांची ही करामत. वापरून वापरून ते कप्पे चेपले की गार्ड दिसायला धड, कामाला अर्धंच. अंगठ्याने दाबून सोडा. खळगा तसाच राहिला तर फोम थकला आहे असं समजा.

पण हे सगळं गणित गार्ड जागेवर असेल तरच खरं. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून एक माप मोठं घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. कपड्यांत तो चालतो, इथे नाही. मोठं गार्ड धावताना गोल फिरतं, कवच पोटरीकडे जातं आणि नडगी पुन्हा उघडी पडते. सैल हेल्मेटचंही तसंच: आधी हेल्मेट हलतं, मग डोकं आतून त्याच्यावर आपटतं.

मग करकचून बांधावं का? तेही नको. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचा एक छोटा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या अगदी खालून पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस जाते, तीही कातडीच्या लगेच आत. पट्टा नेमका तिथे रुतला तर पायाला मुंग्या येतात. पट्टा त्या जागेच्या खाली घ्यावा आणि बांधल्यावर मुलाला पाऊल वर-खाली करायला सांगावं. ‘घट्ट होतंय का?’ असं विचारलं तर खेळायच्या घाईत ते ‘नाही’च म्हणणार.

माउथगार्डचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ होतं आणि चावलं की दातांचा आकार घेतं. साधारण सहा ते बारा वर्षांत दुधाचे दात पडून नवे येत असतात, त्यामुळे जुना साचा लवकरच बाद होतो. तोंड उघडल्यावर माउथगार्ड खाली पडत असेल तर नवं बसवायची वेळ झाली.

खरी कसरत गोलरक्षकाची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याला किमान हेल्मेट, पायांचे पॅड आणि पावलांवरचे किकर बंधनकारक आहेत. छाती, गळा आणि हातांचं संरक्षणही घालायलाच हवं, निदान मुलांनी तरी. क्रम पायांकडून वर. छातीचं गार्ड आधी चढवलं तर वाकून पायांची बक्कलं लावता येत नाहीत. बक्कलं पायाच्या बाहेरच्या बाजूला यावीत. आत आली तर धावताना एकमेकांत अडकतात. गळ्याचं गार्ड हेल्मेटच्या आधी, हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण ते चढले की बोटं कुठल्याच कामाची राहत नाहीत. सगळं घातल्यावर थोडं चालायला आणि गुडघे वाकवून बसायला लावावं. पावलं अचानक रुंद आणि लांब झालेली असतात, मेंदूला तो नवा हिशेब जुळवायला जरा वेळ लागतो.

फोमचा एक तोटा मात्र टळत नाही: तो उष्णताही अडवतो. घाम सुकला तरच अंग थंड होतं, आणि गार्डच्या आत तो सुकत नाही. त्यात मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो. तेव्हा खेळ सुरू व्हायला वेळ असेल तर हेल्मेट चढवू नये, आणि पाणी प्यायला थांबल्यावर ते आपण काढून द्यावं. हातमोजे घातलेल्या मुलाला हनुवटीचं बक्कल सुटत नाही.