ब्रोकोली, माती आणि मातीविना शेती : एक पार्श्वभूमी

ब्रोकोली मातीत लावावी की पाण्यावर, असा प्रश्न आता पॉलिहाउसवाले आणि गच्चीवर भाजी पिकवणारे दोघेही विचारतात. इतिहास पाहिला, तर या दोन पद्धती एकमेकींच्या स्पर्धक म्हणून पुढे आल्याच नाहीत. मातीविना शेतीने ब्रोकोलीला जे दिले, ते मुख्यतः मातीतल्याच पिकाच्या कामी आले.

ब्रोकोली ही कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल यांच्याच जातीची, इटलीतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली भाजी आहे. आपण खातो तो गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा घोस असतो, आणि या पिकाच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात : ऊन वाढले की गड्डा सैल होतो, कळ्या उमलू लागतात, आणि काढणीनंतरही कळ्यांचे श्वसन वेगाने चालू राहत असल्याने माल लवकर पिवळा पडतो. अमेरिकेत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी १७६७ मध्ये ब्रोकोली लावल्याची नोंद आहे, पण तिचे व्यापारी पीक व्हायला पुढची दीडशे वर्षे जावी लागली. सिसिलीतील मेसिना येथून आलेल्या स्टेफानो आणि आंद्रेआ दारीगो या बंधूंनी १९२२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सॅन होझेजवळ तिची लागवड केली आणि बर्फात ठेवलेला माल रेल्वेने थेट बॉस्टनला धाडला. बियाण्याइतकाच हा बर्फही महत्त्वाचा होता, असे म्हणावे लागेल.

पाण्यात क्षार विरघळवून रोपे वाढवण्याचे प्रयोग जर्मनीत युलियस फॉन झाक्स यांनी १८६० च्या सुमारासच केले होते. प्रयोगशाळेतील या तंत्रावर पीक घेता येईल, असे १९२९ मध्ये मांडले ते कॅलिफोर्नियातच, बर्कलीच्या विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी. त्यांचे टोमॅटोचे उंच वेल गाजले. मात्र त्याच विद्यापीठातील होगलँड आणि आर्नन यांनी १९३८ च्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले, की चांगली जमीन आणि इतर परिस्थिती सारखी असेल, तर पाण्यावरचे उत्पादन मातीपेक्षा वरचढ ठरत नाही. यंत्रणा विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचावा, असे मला मनापासून वाटते. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमधील कलिंपोंग परिसरात कमी खर्चाची पद्धत बसवण्याचे काम केले.

व्यापारी हायड्रोपोनिक्स, म्हणजे पोषक द्रावणावरची ही मातीविना शेती, पुढे टोमॅटो, काकडी आणि लेट्यूसभोवती वाढले. ब्रोकोली मागे राहण्याचे कारण सरळ आहे. पुनर्लागवडीनंतर दोन-तीन महिने जागा अडवून ती एकच मुख्य गड्डा आणि थोडे बगलफुटवे देते, तर तेवढ्या काळात लेट्यूसची एकाहून अधिक पिके निघतात. शिवाय गड्डा भरताना रोप डोईजड होते आणि पोषक द्रावण वाहणाऱ्या उथळ नळ्यांत कलंडते. म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा परलाइट (भाजून फुलवलेले हलके खनिज) भरलेल्या बादल्या तिला अधिक मानवतात.

खरा धागा पोषणाचा आहे. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य वनस्पतींना अत्यावश्यक आहे, हे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात कॅथरिन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर दाखवले, तर मॉलिब्डेनम या दुसऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्याची गरज आर्नन आणि स्टाउट यांनी १९३९ मध्ये टोमॅटोवर सिद्ध केली. अशी सूक्ष्म गरज मातीत मोजणे जवळजवळ अशक्य होते. पोषक द्रावणात ते साधले. ब्रोकोलीचे खोड आतून पोकळ आणि तपकिरी होते तेव्हा आज बोरॉनचा संशय घेतला जातो, तो या संशोधनामुळे. अर्थात नत्र जादा झाल्याने किंवा रोपे फार विरळ लावल्यानेही खोड पोकळ होते, त्यामुळे प्रत्येक वेळी बोरॉनची फवारणी हा उपाय नव्हे.

आपल्याकडे भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या हिमाचलातील कटराईन केंद्राने ‘पूसा ब्रोकोली केटीएस-१’ हे वाण दिले, आणि महाराष्ट्रात ब्रोकोली प्रामुख्याने हिवाळी पीक म्हणून रुजली. येथील शेतकरी प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये), कोकोपीटवर वाढलेली रोपे गादीवाफ्यावर लावतो आणि ठिबकमधून विद्राव्य खते सोडतो. म्हणजे पिकाची पहिली तीन-चार आठवडे वाढ मातीविनाच होते. कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळी ठेवण्याचा हायड्रोपोनिक्समधला नियमही त्याला पाळावा लागतो, कारण फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतांच्या तीव्र द्रावणात ते मिसळले, तर साका बसून ड्रिपर बुजतात.