एका सहीची किंमत : हेन्री सिज्विकच्या पत्रांमागचा इतिहास

मराठी वाचकाला सिज्विक हे नाव भेटतं ते बहुधा 'गीतारहस्या'त. असत्य कधी क्षम्य ठरतं, या चर्चेत टिळक इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या जोडीला या केंब्रिजच्या प्राध्यापकाचाही दाखला देतात. तेवढंच वाचलं तर हा सत्याला पळवाटा शोधून देणारा माणूस वाटेल. प्रत्यक्षात, आपण पूर्वी दिलेली धार्मिक कबुली आता आपल्यापुरती खरी उरलेली नाही, एवढ्याच कारणासाठी त्यानं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप, म्हणजे तिथलं मानाचं पद, सोडलं होतं.

सिज्विक जन्मला 1838 मध्ये, यॉर्कशायरमधल्या स्किप्टनला. वडील पाद्री. बहिणीचा नवरा एडवर्ड व्हाइट बेन्सन पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. म्हणजे चर्च घरातच होतं. 1859 मध्ये तो ट्रिनिटीचा फेलो झाला. त्या काळी फेलोला इंग्लंडच्या चर्चची श्रद्धा सांगणारी 39 कलमं सही करून मान्य करावी लागत. दुसऱ्याच वर्षी 'एसेज अँड रिव्ह्यूज' हा लेखसंग्रह निघाला. बायबलकडे इतर कोणत्याही ग्रंथासारखं चिकित्सक नजरेनं पाहावं, असा त्याचा सूर होता. बिशप मंडळींनी निषेध केला, तेव्हा सिज्विकनं 1861 मध्ये 'टाइम्स'ला पत्र लिहिलं : आम्हाला धिक्कार नको, खंडन हवं.

खंडन काही आलं नाही. मग पठ्ठ्यानं स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. धर्मांचा इतिहास लिहिणारा फ्रेंच पंडित रेनाँ वाचून तो अरबी आणि हिब्रू शिकला आणि जर्मनीत जाऊन राहिला. ख्रिस्ती धर्माचा उगम मुळातून तपासावा, हा हेतू. मित्र डेकिन्स याला लिहिलेल्या पत्रांत ही घालमेल दिसते. एक दिवस उत्साह, दुसऱ्या दिवशी शंका. काही वर्षांनी त्याला कळून चुकलं की आपले प्रश्न भाषा आणि इतिहास यांतून सुटणारे नाहीत, ते तत्त्वज्ञानाचेच आहेत.

मुद्दा उरला सहीचा. 1867 मध्ये त्यानं मिलचा सल्ला घेतला, 1869 मध्ये राजीनामा दिला आणि 1870 मध्ये याच पेचावर एक पुस्तिका लिहिली. मनात शंका असूनही चर्चमध्ये राहायला सामान्य भाविकाला त्यानं बरीच सूट दिली, पाद्र्याला मात्र फारशी नाही. गंमत म्हणजे 1871 मध्ये संसदेनं बहुतेक पदांसाठी ही अटच काढून टाकली. दोन वर्षं थांबला असता तर काहीच सोडावं लागलं नसतं! कॉलेजनं मात्र त्याला अध्यापक म्हणून ठेवून घेतलं होतं.

'मेथड्स ऑफ एथिक्स' (1874) वाचताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी. स्वहित आणि कर्तव्य दोन्ही बुद्धीला पटतात, पण देव किंवा परलोक गृहीत धरल्याशिवाय त्यांचा मेळ बसत नाही, हा त्या ग्रंथातला न सुटलेला पेच. पहिल्या आवृत्तीचा शेवटचा शब्दच 'अपयश' असा होता. पुढच्या आवृत्तीत तो बदलला, पेच तसाच राहिला. 1882 मध्ये परलोकविद्येच्या संशोधनासाठी निघालेल्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला, त्याचं मूळही माझ्या मते इथेच आहे.

ब्रिटानिका विश्वकोशातल्या त्याच्या नोंदीतून 1886 मध्ये नीतिशास्त्राच्या इतिहासाचं छोटेखानी पुस्तक तयार झालं. त्यात तो सांगतो : ग्रीक लोक विचारत, माणसाचं भलं कशात आहे? ख्रिस्ती धर्मानं नीतीला ईश्वरी कायद्याचं रूप दिलं, आणि नुसत्या कृतीपेक्षा अंतःकरण शुद्ध असण्यावर भर दिला. ज्या धर्मावरची श्रद्धा स्वतः गमावली, त्याच्याबद्दल इतकं तटस्थपणे लिहिणं सोपं नाही.

पत्रांत मात्र हा तटस्थपणा टिकत नाही. इंग्रज कवी टेनिसनच्या मुलाला त्या कवीच्या 'इन मेमोरियम' या काव्याविषयी लिहिताना तो सांगतो की हृदय तर्काला उठून उत्तर देतं त्या ओळी आपल्याला अश्रूंविना वाचवत नाहीत. माणसाला जगण्यासाठी सोडताच येणार नाही एवढी किमान श्रद्धा त्याला तिथे दिसत होती.

तो 1900 च्या ऑगस्टमध्ये वारला. चर्चचा विधी नसेल तर थडग्यापाशी काय म्हणावं, याचे चार शब्द त्यानं आधीच सांगून ठेवले होते. इंग्लंडमधल्या टर्लिंग गावच्या दफनभूमीत अंत्यविधी झाला तो मात्र चर्चच्याच रीतीनं. ते शब्द आपल्यापर्यंत पोचले, कारण पत्नी एलेनॉर आणि भाऊ आर्थर यांनी 1906 मध्ये पत्रांसह त्याचं चरित्र छापलं.