अमेरिकेतील आद्य रौप्यकार व त्यांच्या भागीदाऱ्या

उत्तर अमेरिकेतील इंग्रज व डच वसाहतींत सतराव्या शतकाच्या मध्यापासून चांदीची भांडी घडविणारे कारागीर, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातून पुढे आलेल्या कारखानदार पेढ्या, यांचा या नोंदीत विचार केला आहे. लंडनमध्ये चांदीचा कस पाहून सरकारमान्य छाप उमटविणारा सोनारांचा संघ होता. वसाहतींत तसा संघ कधीच उभा राहिला नाही. त्यामुळे भांड्यावर ठोकलेली घडविणाऱ्याची नाममुद्रा हीच ग्राहकाला मिळणारी एकमेव हमी होती. साहजिकच कोण कोणाचा भागीदार होता, ती भागीदारी केव्हा जुळली आणि केव्हा मोडली, हे प्रश्न या विषयाच्या अभ्यासात मध्यवर्ती ठरले आहेत. ज्या भांड्यावर सन कोरलेला नाही, त्याचा काळ बहुधा भागीदारीच्या नावावरूनच ठरवावा लागतो.

हल आणि सँडरसन : ज्ञात भागीदाऱ्यांपैकी सर्वांत जुनी व सर्वांत महत्त्वाची भागीदारी बॉस्टन येथील जॉन हल (१६२४–८३) आणि रॉबर्ट सँडरसन (सु. १६०८–९३) यांची होय. हल लहानपणीच, १६३५ मध्ये, इंग्लंडहून मॅसॅचूसेट्समध्ये आला आणि सावत्र भावाकडे हा धंदा शिकला. सँडरसनने मात्र लंडनमध्ये रीतसर उमेदवारी (उस्तादाच्या हाताखालील शिकाऊपण) पूर्ण केली होती. १६५२ मध्ये मॅसॅचूसेट्सच्या विधिमंडळाने टांकसाळ उघडण्याचा कायदा केला व हलची टांकसाळप्रमुख म्हणून नेमणूक केली. आपण आपला मित्र सँडरसन याला भागीदार म्हणून निवडले आणि मंडळाने त्यास संमती दिली, अशी नोंद हलने रोजनिशीत केली आहे. पाडलेल्या प्रत्येक वीस शिलिंगांमागे सुमारे एक शिलिंग असे त्यांचे मेहनताण्याचे प्रमाण होते. ते फार किफायतशीर असल्याची तक्रार पुढे वसाहतीच्या कारभाऱ्यांनी केली व करार बदलण्याचा प्रयत्नही केला.

या टांकसाळीतील पहिल्या नाण्यांवर एका बाजूस न्यू इंग्लंडची आद्याक्षरे आणि दुसऱ्या बाजूस किंमत, एवढेच होते. अशा मोकळ्या नाण्याच्या कडा कातरून चांदी काढून घेणे सोपे असल्याने त्याच वर्षी दोन्ही बाजूंस कडेने वर्तुळे व मध्ये वृक्ष असा नमुना ठरविण्यात आला. वृक्षाच्या आकृतीवरून अभ्यासक या नाण्यांचे विलो, ओक व पाइन असे तीन गट पाडतात. शिलिंगाचे वजन ७२ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०·०६५ ग्रॅम) होते, तर तत्कालीन इंग्रजी शिलिंग सुमारे ९३ ग्रेन भरे. नाणे हलके ठेवल्यास ते वसाहतीबाहेर जाणार नाही, असा त्यामागील हिशेब होता.

टांकसाळ सु. १६८२ पर्यंत चालू असूनही जवळजवळ सर्व नाण्यांवर १६५२ हाच सन का आढळतो, याविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखकांच्या मते ही एक राजकीय युक्ती होती : नाणी पाडणे हा राजाचा अधिकार असल्याने, १६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर वसाहतीने आपली सर्व नाणी इंग्लंडमधील राजाविना प्रजासत्ताकाच्या काळातील असल्याचे भासविले. हे मत लोकप्रिय असले, तरी त्याला दोन गोष्टी प्रतिकूल आहेत. एक म्हणजे १६५२ हा सन मुळात कायद्यातच सांगितला होता, आणि त्या वेळी इंग्लंडमध्ये राजाच नव्हता. दुसरी म्हणजे १६६२ मध्ये दोन पेन्सचे नाणे नव्याने मंजूर झाले तेव्हा त्यावर १६६२ हाच सन घातला गेला. राजापासून काही लपवायचे असते, तर असे घडले नसते. म्हणून नाण्यावरील सन हा ते पाडल्याचा नसून त्याला मंजुरी मिळाल्याचा आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि १६६० नंतर जुना सन कायम ठेवणे वसाहतीला सोयीचे ठरले असावे, हेही नाकारता येत नाही.

दोघांपैकी प्रत्यक्ष घडाई कोणाची, हा दुसरा वादाचा मुद्दा आहे. त्यांच्या भांड्यांवर दोघांचे ठसे शेजारी-शेजारी, पण स्वतंत्रपणे उमटविलेले असतात : हलचा ‘आय एच’ (तत्कालीन प्रघातानुसार जे ऐवजी आय) आणि सँडरसनचा ‘आर एस’. हल हा व्यापारी, जहाजांचा मालक आणि काही काळ वसाहतीचा खजिनदारही होता. व्यापाचा हा पसारा पाहता ऐरणीवरचे काम मुख्यत्वे लंडनला शिकलेल्या सँडरसनचे व त्याच्या हाताखालच्या उमेदवारांचे असावे. १६५९ मध्ये हलकडे उमेदवार म्हणून दाखल झालेला जेरमाया डमर (१६४५–१७१८) हा अमेरिकेत जन्मलेल्या आद्य रौप्यकारांत गणला जातो. सँडरसनचे तीन मुलगेही याच धंद्यात शिरले.

कच्चा माल व घडाई : वसाहतींत चांदीच्या खाणी नव्हत्या. वेस्ट इंडीजच्या व्यापारातून येणारी स्पॅनिश नाणी आणि जुनी मोडीची भांडी हाच कच्चा माल असे. ग्राहक नाणी आणून देई. रौप्यकार ती मुशीत वितळवून लगड ओती, तिचा पत्रा ठोकी आणि घडणावळ वेगळी आकारी. पेला किंवा वाडगा घडविताना गोल पत्रा खुंटीवर धरून बाहेरून हातोडीने वळीवळीने उठवीत नेत. ठोकून धातू कडक व ठिसूळ होत असल्याने तो वारंवार तापवून मऊ करावा लागे. मुठी, झाकणे व तोट्या वेगळ्या ओतून डाखाने (सांधणाऱ्या मिश्रधातूने) जोडत. बँका नसलेल्या समाजात चांदीची भांडी ही साठविलेली संपत्तीच होती, आणि चोरी झाल्यास कोरलेल्या नावामुळे आपला माल ओळखता येई. नाण्यांच्या थैलीबाबत हे शक्य नव्हते.

अठरावे शतक : उमेदवारी, नातेसंबंध आणि भागीदारी हे धागे या काळात एकमेकांत गुंतलेले दिसतात. बॉस्टनचा जॉन कोनी १७२२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्याकडील फ्रेंच ह्यूगनॉट (प्रॉटेस्टंट पंथीय) उमेदवार आपोलो रिव्हॉर याच्या उमेदवारीची उरलेली वर्षे मालमत्तेच्या यादीत किंमत लावून नोंदविली गेली, आणि रिव्हॉरने पैसे भरून आपली सुटका करून घेतली. त्याचा मुलगा पॉल रिव्हिअर (१७३४–१८१८) हा या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कारागीर. १७६८ मध्ये त्याने घडविलेला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. ब्रिटिश संसदेने वसाहतींवर लादलेल्या टाउनशेंड करांविरुद्धचे परिपत्रक मागे घेण्यास नकार देणाऱ्या मॅसॅचूसेट्सच्या ९२ प्रतिनिधींच्या सन्मानार्थ तो बनविला असून तो घडवून घेणाऱ्या पंधरा जणांची नावे काठाखाली कोरलेली आहेत. राजाच्या सरकारवर टीका करणारा इंग्रज राजकारणी जॉन विल्क्स याच्या वृत्तपत्राच्या गाजलेल्या ४५ व्या अंकाची आठवण म्हणून त्याचे वजन ४५ औंस व मापही ४५ गिल (द्रव मोजण्याचे एक जुने इंग्रजी माप) ठेवले गेले. रिव्हिअरने पुढे तांब्याचा पत्रा लाटण्याचा कारखाना काढला आणि व्यवसायात मुलाला भागीदार केले.

न्यूयॉर्कमध्ये मायर मायर्स (१७२३–९५) व बेंजामिन हॅल्स्टेड यांची भागीदारी १७६० च्या आसपासच्या वर्षांत होती. मायर्स ज्यू होता. चर्चची भांडी व तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीवरील चांदीचे शेंडे ही दोन्ही कामे त्याने केली, आणि न्यूयॉर्क, न्यूपोर्ट व फिलाडेल्फिया येथील सिनगॉगांसाठी त्याने घडविलेले शेंडे त्याच्या कौशल्याचा सर्वोत्तम नमुना होत. फिलाडेल्फियातील फिलिप सिंग याने १७५२ मध्ये विधानसभेसाठी केलेली दौत पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करताना वापरली गेली, असे परंपरेने मानतात.

दक्षिणेकडील शहरांत बरेच सामान इंग्लंडहून येई. स्थानिक कामाची माहिती तुटक आहे. चार्ल्सटनमधील कर्मशाळांत गुलाम कारागीर चांदीकाम करीत, पण ठसा मालकाचाच उमटे. स्वतःचा ठसा वापरणारा पीटर बेंट्झन हा आफ्रिकी वंशाचा रौप्यकार अपवादात्मक असून त्याने फिलाडेल्फिया व कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेट येथे काम केले.

कारखानदारीकडे : एकोणिसाव्या शतकात भागीदारीचे स्वरूप पालटले आणि एकाने भांडवल व विक्री, तर दुसऱ्याने कर्मशाळा सांभाळावी अशी विभागणी रूढ झाली. टॉमस फ्लेचर व सिडनी गार्डिनर यांची पेढी हे त्याचे ठळक उदाहरण. १८०८ मध्ये बॉस्टनला सुरू झालेली ही पेढी १८११ मध्ये फिलाडेल्फियाला गेली. १८१२ च्या युद्धातील नौदलवीरांना अर्पण केलेले भव्य कलश तिनेच घडविले, तसेच ईरी कालव्याच्या पूर्ततेनिमित्त न्यूयॉर्कचा गव्हर्नर डेविट क्लिंटन याला भेट दिलेले दोन कलशही. गार्डिनर १८२७ मध्ये वारला. बॉल्टिमोरमध्ये सॅम्युएल कर्क याने १८१५ मध्ये जॉन स्मिथच्या भागीदारीत आरंभ केला. दाट फुलापानांच्या उठावकामासाठी ही पेढी नावाजली. याच शहरात १८१४ पासून कस तपासणारे सरकारी कार्यालय होते. अमेरिकेत असा प्रयोग दुर्मिळच, आणि तोही १८३० मध्ये सक्तीचा राहिला नाही.

अन्यत्र नाण्याचा कस हेच प्रमाण मानले जाई. १७९२ च्या कायद्यानुसार तो हजारी (हजार भागांत शुद्ध चांदीचे भाग) सुमारे ८९२ होता व १८३७ पासून ९०० झाला. अनेकांनी सिंह, मुखवटे इत्यादी इंग्रजी छापांची नक्कल करणारी चिन्हे वापरली. त्यांना कायद्याचा आधार नव्हता आणि त्यांवरून कस वा काळ ठरविणे धोक्याचे असते. शिवाय शतकाच्या मध्यापासून घडविणाऱ्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचेच नाव ठोकण्याची पद्धत वाढल्याने नावावरून कर्ता ओळखणेही अवघड झाले.

प्रॉव्हिडन्स येथे जेबेझ गोरम याने १८३१ मध्ये हेन्री वेब्स्टरसह चमचे बनविण्यास सुरुवात केली. १८४२ च्या जकात कायद्याने आयात मालावर कर बसल्यावर देशी उत्पादकांना वाव मिळाला. जेबेझचा मुलगा जॉन याने वाफेवर चालणारी यंत्रे आणून हातघडाईच्या पेढीचा कारखाना केला, आणि १८६८ मध्ये या कंपनीने ९२५ कसाचे स्टर्लिंग प्रमाण स्वीकारले. न्यूयॉर्कमधील टिफनी पेढीने ते जॉन मूर याच्याशी करार करून १८५१ मध्येच अंगीकारले होते. कनेक्टिकटमधील रॉजर्स बंधूंनी १८४७ च्या सुमारास विद्युत् मुलाम्याचा स्वस्त माल बाजारात आणला. त्यांचे नाव इतके खपाऊ ठरले की ते मिळविण्यासाठी पेढ्यांत चढाओढ लागली. १८९८ मध्ये अशा अनेक कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी स्थापन झाली.